दोन नेटवर्क कार्डे असलेला लिनक्स संगणक: मल्टिकास्ट पॅकेट टीसीपीडम्पमध्ये दिसते, पण प्रोग्रॅमला मिळत नाही

मापनकक्ष (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका लिनक्स संगणकावर दोन नेटवर्क कार्डे आहेत. ईथ० वर १९२.१६८.५.२० हा पत्ता आहे आणि डिफॉल्ट राऊट (वेगळा मार्ग न दिलेल्या पत्त्यांसाठीचा मार्ग) त्याच बाजूने जातो. ईथ१ वर १०.८.०.१५/२४ हा पत्ता असून ती बाजू केवळ मोजमापांच्या डेटासाठी राखून ठेवली आहे. डेटा पाठवणारे उपकरण १०.९.०.४० वर, म्हणजे वेगळ्या सबनेटमध्ये आहे. मधल्या राउटरवर पिम (मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल) चालू असल्यामुळे त्याचा प्रवाह १०.८.०.१ या पत्त्याच्या राउटरमार्फत आमच्या सबनेटमध्ये उतरतो. मल्टिकास्ट गट (एकाच वेळी अनेक सभासदांना पाठवण्याचा पत्ता) २३९.१०.२०.३० आणि यूडीपी पोर्ट ५००० आहे.

ईथ१ वर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन) लावला की पॅकेटे अखंड येताना दिसतात. प्रोग्रॅमला मात्र त्यांतले एकही मिळत नाही आणि कोणताही एरर येत नाही. त्याच सबनेटमधल्या, एकच कार्ड असलेल्या दुसऱ्या संगणकावर हाच प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. फायरवॉल तात्पुरती पूर्ण बंद करून पाहिली, तरी फरक पडला नाही. मधला स्विच साधा आहे. त्यात आयजीएमपी स्नूपिंगची, म्हणजे गटाच्या सभासदत्वाचे संदेश ऐकून प्रवाह हव्या त्याच पोर्टांवर सोडण्याची, सोय नाही. प्रोग्रॅमचा मूळ कोड आमच्याकडे नाही. शोध कुठून सुरू करावा?

स्तर_तीन

प्रश्न नेमक्या तपशिलांसह मांडल्याबद्दल आभार. स्विच साधा असणे आणि शेजारचा संगणक नीट चालणे, या दोन गोष्टींवरून बरेच काही कळते.

टीसीपीडम्पमध्ये पॅकेट दिसले याचा अर्थ ते कार्डापर्यंत आले, एवढाच घ्यावा. टीसीपीडम्प पॅकेट उचलतो ती जागा कर्नलच्या आयपी थराच्या अलीकडची आहे, त्यामुळे पुढे राउटिंगच्या टप्प्यावर ते टाकून दिले गेले तरी टीसीपीडम्पला ते दिसलेलेच असते. शिवाय हे साधन कार्डाला प्रॉमिस्क्युअस अवस्थेत नेते, म्हणजे एरवी कार्डाने गाळली असती अशी पॅकेटेही आत येतात. आपल्याकडे शेजारच्या संगणकाने गटाचे सभासदत्व घेतले असल्यामुळे राउटर तो प्रवाह सबनेटमध्ये सोडतो आणि स्नूपिंग नसलेला स्विच तो सर्व पोर्टांवर पसरवतो. म्हणून तो आपल्यालाही दिसतो. आपल्या संगणकाने तो मागितला आहे, असे यावरून सिद्ध होत नाही.

माझा अंदाज असा आहे की सभासदत्व ईथ० वर घेतले गेले आहे. प्रोग्रॅम आयपी_अ‍ॅड_मेंबरशिप हा सॉकेटचा (प्रोग्रॅमच्या नेटवर्क-जोडणीच्या टोकाचा) पर्याय वापरतो तेव्हा गटाच्या पत्त्याबरोबर इंटरफेसही सांगता येतो. बहुतेक प्रोग्रॅम तिथे आयएनएडीडीआर_एनी, म्हणजे ०.०.०.० देतात. तसे केल्यावर सगळ्या इंटरफेसांवर सभासदत्व मिळते, असे अनेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात लिनक्स कर्नल गटाच्या पत्त्यासाठी राउटिंग टेबल पाहतो, त्यातून एकच इंटरफेस निवडतो आणि फक्त त्यावर सभासद होतो. २३९.१०.२०.३० साठी वेगळा राऊट नसेल तर डिफॉल्ट राऊट लागू होतो आणि तो आपल्याकडे ईथ० कडे जातो. एकच कार्ड असलेल्या संगणकावर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून तिथे प्रोग्रॅम चालतो.

हे पडताळण्यासाठी «आयपी राऊट गेट २३९.१०.२०.३०» ही आज्ञा द्या, कर्नल कोणता इंटरफेस निवडेल ते ती थेट सांगते. नंतर प्रोग्रॅम चालू असताना «आयपी एमअ‍ॅडर शो» चालवून गट कोणत्या इंटरफेसखाली नोंदला आहे ते पाहा. हीच माहिती «/प्रॉक/नेट/आयजीएमपी» या फाइलमध्येही असते, पण नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर तिथे गटाचा पत्ता षोडशमान पद्धतीत आणि उलट्या क्रमाने दिसतो. २३९.१०.२०.३० हा गट तिथे «१ई१४०एईएफ» असा शोधावा लागेल.

मापनकक्ष

आपला अंदाज बरोबर निघाला. «राऊट गेट» ने ईथ० दाखवला आणि गटाची नोंदही ईथ० खालीच होती. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये इंटरफेस निवडण्याची सोय नाही, त्यामुळे बाहेरूनच काही करता आले तर हवे आहे.

पुलाखाली

बाहेरून करणे अगदी सोपे आहे. २२४.०.०.०/४ हा संपूर्ण मल्टिकास्ट पट्टा ईथ१ कडे वळवणारा राऊट घाला आणि सगळ्या इंटरफेसांवर आरपी_फिल्टर (आलेल्या पॅकेटच्या उलट मार्गाची तपासणी) शून्य करा. आम्ही प्रत्येक नव्या संगणकावर हेच करतो आणि पुन्हा त्यात लक्ष घालावे लागत नाही.

स्तर_तीन

पुलाखाली यांच्या उपायाने प्रवाह सुरू होईल, यात शंका नाही. तरीही दोन कार्डांच्या संगणकावर मी तो सुचवणार नाही. २२४.०.०.०/४ या पट्ट्यात आपल्या एका गटाखेरीज बरेच काही येते. स्थानिक नावे शोधणारा एमडीएनएस २२४.०.०.२५१ वर, उपकरणे शोधणारा एसएसडीपी २३९.२५५.२५५.२५० वर आणि अचूक वेळ जुळवणारा पीटीपी २२४.०.१.१२९ वर चालतो. या सेवांच्या ज्या प्रोग्रॅमनी इंटरफेस स्वतः सांगितलेला नाही, ते सगळे त्या एका राऊटमुळे मोजमापांच्या नेटवर्कवर जाऊ लागतील. त्यापेक्षा नेमका राऊट घालावा: «आयपी राऊट अ‍ॅड २३९.१०.२०.३०/३२ डेव्ह ईथ१». गट पुष्कळ असतील तर त्यांना सामावणारा छोटा पट्टा द्यावा. २३९.०.०.०/८ हा पट्टा संस्थेच्या अंतर्गत वापरासाठीच राखलेला आहे, त्यामुळे गटांची आखणी आपल्या हातात असेल तर असे सोयीचे पट्टे आधीच पाडून ठेवता येतात.

राऊट घातल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल, कारण इंटरफेसची निवड सभासदत्व घेण्याच्या क्षणी होते आणि राउटिंग टेबल नंतर बदलले तरी घेतलेले सभासदत्व जागचे हलत नाही. चालू संगणकावर व्हीपीएन जोडल्यावरही हाच अनुभव येतो: आधीचे प्रोग्रॅम जुन्या इंटरफेसवर सुखरूप राहतात, पण नंतर सुरू केलेले प्रोग्रॅम व्हीपीएनच्या बोगद्यात सभासद होऊन बसतात आणि त्यांना काहीच मिळत नाही.

आरपी_फिल्टरची गरज पडेल असे मलाही वाटते. पण आधी सभासदत्व ईथ१ वर आले, याची खात्री करू.

मापनकक्ष

/३२ चा राऊट घालून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. आता गट ईथ१ खाली नोंदला आहे, आणि प्रोग्रॅम सुरू होताच ईथ१ वरून आयजीएमपीचा सभासदत्व-अहवाल बाहेर जातानाही टीसीपीडम्पमध्ये दिसला. तरीही प्रोग्रॅमला पॅकेट मिळत नाही.

स्तर_तीन

म्हणजे आता उलट मार्गाच्या तपासणीकडे वळायचे. या तपासणीत कर्नल आलेल्या पॅकेटचा मूळ पत्ता घेतो आणि स्वतःला विचारतो, ‘या पत्त्याला उत्तर पाठवायचे झाले तर मी कोणत्या इंटरफेसमधून पाठवेन?’ कडक पद्धतीत, म्हणजे आरपी_फिल्टर १ असताना, उत्तराचा इंटरफेस आणि पॅकेट ज्यातून आले तो इंटरफेस एकच नसेल तर पॅकेट टाकून दिले जाते. खोट्या पत्त्याची पॅकेटे रोखण्यासाठी ही सोय आहे आणि बाहेर एकापेक्षा जास्त जोडण्या असलेल्या नेटवर्कांसाठी तिची चर्चा आरएफसी ३७०४ मध्ये २००४ साली झाली आहे. मल्टिकास्टमध्ये गटाच्या पत्त्याला कितीही नेमका राऊट दिला तरी या तपासणीला त्याचा उपयोग नाही, कारण इथे पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला जातो.

आपल्या बाबतीत तो १०.९.०.४० आहे. ईथ१ ला फक्त १०.८.०.०/२४ हे सबनेट थेट जोडलेले आहे, म्हणून १०.९.०.४० ला जाण्यासाठी कर्नल डिफॉल्ट राऊट धरतो आणि ईथ० दाखवतो. पॅकेट मात्र ईथ१ मधून आले आहे.

हे तर्कावर सोडू नका, मोजून पाहा. «एनस्टॅट -एझेड» या आज्ञेच्या उत्तरात «टीसीपीएक्स्टआयपीरिव्हर्सपाथफिल्टर» नावाचा मोजक असतो. तो प्रवाहाच्या वेगाने वाढत असेल तर कारण निश्चित झाले. मोजक उपलब्ध नसेल तर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) एक मोजणारा नियम प्रीराउटिंगमध्ये आणि एक इनपुटमध्ये घालावा. पहिला वाढतो आणि दुसरा जागचा हलत नाही, असे दिसले तर पॅकेट मधल्या राउटिंग निर्णयात अडले आहे. सभासदत्व चुकीच्या इंटरफेसवर असतानाही हेच चित्र दिसते, म्हणून ती खात्री आधी करून घेतली.

उपाय म्हणून तपासणी बंद करण्यापेक्षा कर्नलला खरी माहिती द्यावी, असे माझे ठाम मत आहे. «आयपी राऊट अ‍ॅड १०.९.०.०/२४ व्हाया १०.८.०.१ डेव्ह ईथ१» हा साधा युनिकास्ट (नेहमीच्या, एकाच संगणकाच्या पत्त्यांसाठीचा) राऊट घातला की १०.९.०.४० चा उलट मार्ग ईथ१ मधूनच ठरतो आणि कडक तपासणीही पॅकेट स्वीकारते. तो राऊट खरा आहे, कारण ते उपकरण खरोखरच त्या बाजूला आहे.

पाठवणारे अनेक सबनेटांत विखुरलेले असतील किंवा त्यांचे पत्ते आधी ठाऊक नसतील, तर ईथ१ वर आरपी_फिल्टर २, म्हणजे सैल पद्धत ठेवावी. तिच्यात मूळ पत्त्याकडे कोणत्याही इंटरफेसमधून मार्ग असला तरी पॅकेट चालते. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. कर्नल «ऑल» आणि त्या इंटरफेसचे, अशा दोन मूल्यांपैकी मोठे मूल्य धरतो. म्हणून «ऑल» मध्ये १ असताना ईथ१ ला ० दिल्याने काहीच बदलत नाही. २ दिल्यास मात्र सैल पद्धत लागू होते. ‘आरपी_फिल्टर शून्य केला तरी फरक पडला नाही’ अशा बहुतेक तक्रारींमागे हेच कारण असते.

मापनकक्ष

मोजक सतत वाढत होता. १०.९.०.०/२४ चा राऊट घालताच तो थांबला आणि प्रोग्रॅमला डेटा मिळू लागला. या वेळी प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागला नाही. मनापासून आभार. दोन्ही राऊट आता नेटवर्कच्या कायमस्वरूपी सेटिंगमध्ये लिहून ठेवले आहेत.

स्तर_तीन

उत्तम. संगणक एकदा पूर्ण बंद करून चालू करूनही पाहा. प्रोग्रॅम सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाची) सेवा म्हणून सुरू होत असेल तर ईथ१ ला पत्ता आणि राऊट मिळण्याआधीच तो उठण्याची शक्यता असते. त्या क्षणी डिफॉल्ट राऊट तयार असला तर सभासदत्व निमूटपणे ईथ० वर जाते, आणि एकही राऊट नसला तर ‘असे उपकरण नाही’ हा एरर येतो. सेवेच्या फाइलमध्ये «नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट» नंतर सुरू होण्याची अट घालावी, आणि ऑनलाइनच्या व्याख्येत ईथ१ धरला आहे ना, तेही पाहावे.

ध्वनिवाहक

धागा वाचून माझ्याकडची प्रत्येक गोष्ट तपासली. सभासदत्व योग्य इंटरफेसवर आहे, पाठवणारा त्याच सबनेटमध्ये असल्यामुळे उलट मार्गाचा प्रश्न नाही, आणि प्रोग्रॅम सुरू करताच ध्वनिप्रवाह नीट येतो. पण काही मिनिटांनी तो अचानक तुटतो. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की परत येतो आणि तेवढ्याच अवधीने पुन्हा जातो. माझ्याकडे राउटर नाही. एकच स्विच आहे आणि त्यात स्नूपिंग चालू आहे. दुसरे कार्ड वेगळ्या नेटवर्कसाठी आहे.

स्तर_तीन

आपल्या संगणकात दोष नाही. त्या नेटवर्कवर आयजीएमपी विचारणारा कोणी नाही. प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल आपणहून सभासदत्वाचा अहवाल पाठवतो आणि स्विच तो ऐकून आपला पोर्ट गटाशी जोडतो. त्यानंतर ठरावीक काळाने ‘अजून कोण सभासद आहे?’ असे विचारणारा एक घटक, म्हणजे क्वेरियर, नेटवर्कवर असावा लागतो. एरवी हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. कोणी विचारलेच नाही तर संगणक पुन्हा अहवाल पाठवत नाही आणि स्विच ती नोंद जुनी समजून काढून टाकतो. आयजीएमपीच्या मानक मूल्यांनुसार ही मुदत २६० सेकंदांची येते: १२५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि उत्तरासाठी १० सेकंद. स्विचांमध्ये हे मूल्य बदलता येते, पण चार मिनिटांच्या आसपास तुटणारा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर जिवंत होणारा प्रवाह दिसला की मी आधी क्वेरियर शोधतो.

टीसीपीडम्पला फक्त आयजीएमपी दाखवायला सांगून थोडा वेळ थांबा. २२४.०.०.१ ला उद्देशून येणारी विचारणा एकदाही दिसली नाही तर स्विचच्या सेटिंगमध्ये क्वेरियर चालू करा आणि त्याला त्या सबनेटमधला पत्ता द्या. स्विचमध्ये ती सोय नसेल, तर छोट्या नेटवर्कवर स्नूपिंगच बंद करणे हा सरळ मार्ग आहे. संगणकावर आभासी यंत्रांसाठी किंवा कंटेनरसाठी लिनक्सचा ब्रिज केलेला असेल तर तोही स्वतः स्नूपिंग करतो, हे विसरू नये. त्याचे «मल्टिकास्ट_स्नूपिंग» आणि «मल्टिकास्ट_क्वेरियर» हे दोन पर्याय वेगळे तपासावे लागतात.

ध्वनिवाहक

विचारणा खरोखरच येत नव्हती. स्विचवर क्वेरियर चालू केल्यावर ती नियमित दिसू लागली आणि प्रवाह अजून तुटलेला नाही. एक प्रश्न उरतो. दोन्ही कार्डांवर एकाच पोर्टावर वेगवेगळे गट येतात, आणि दोन स्वतंत्र प्रोग्रॅम ते घेतात. प्रत्येक प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या गटाची पॅकेटेही मिळतात आणि आवाज फाटतो. हे कसे रोखावे?

पुलाखाली

याचा अनुभव मला आहे, म्हणून उत्तर देतो. लिनक्समध्ये सभासदत्वाची नोंद इंटरफेसवर होते. ०.०.०.० ला बांधलेल्या सॉकेटला त्या पोर्टावर येणारे असे सगळे गट पोहोचतात ज्यांचे सभासदत्व संगणकावरील कोणत्याही सॉकेटने घेतले आहे. सॉकेट थेट गटाच्या पत्त्याला बांधला, म्हणजे बाइंडमध्ये ०.०.०.० ऐवजी गटाचा पत्ता दिला, तर फक्त त्याच गटाची पॅकेटे येतात. विंडोजवर मात्र गटाच्या पत्त्याला असे बांधता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आयपी_मल्टिकास्ट_ऑल हा पर्याय शून्य करणे. तो लिनक्स २.६.३१ पासून उपलब्ध आहे. सॉकेट संगणकाच्या स्वतःच्या पत्त्याला, उदाहरणार्थ १०.८.०.१५ ला, बांधून हा प्रश्न सोडवायला जाऊ नये, कारण त्या सॉकेटला मल्टिकास्ट पॅकेट मिळणेच बंद होते.

मापनकक्ष

संगणक बंद करून चालू केल्यावरही सर्व नीट आहे. आता पुढची अडचण. याच संगणकावरून आमचा दुसरा, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम २३९.१०.२०.३१ या गटाला स्थितीचे संदेश पाठवतो, आणि ते १०.९.०.० च्या सबनेटमध्ये पोहोचायला हवेत. ते सध्या ईथ० मधून बाहेर जाताना दिसतात.

स्तर_तीन

पाठवण्याच्या बाजूने इंटरफेसची निवड वेगळी होते, आणि स्वीकारणारा सॉकेट कुठे सभासद आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. कोड आपलाच असल्यामुळे राऊटच्या मागे न लागता आयपी_मल्टिकास्ट_इफ या पर्यायाने ईथ१ निवडा. इंटरफेसचा क्रमांक किंवा १०.८.०.१५ हा पत्ता दिला तरी चालतो. लिनक्समध्ये पाठवणारा सॉकेट १०.८.०.१५ ला बांधला तरी कर्नल त्या पत्त्यावरून इंटरफेस ओळखतो. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे. नव्या कोडमध्ये मात्र इंटरफेस उघडपणे सांगावा, म्हणजे पुढे कोड वाचणाऱ्याला हेतू कळतो.

एवढे केल्यावर संदेश ईथ१ मधून निघतील, पण राउटरपलीकडे जाणार नाहीत. मल्टिकास्ट पॅकेटचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा आकडा) मुळात १ असतो आणि राउटर असे पॅकेट पुढे पाठवत नाही. आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल हा पर्याय मधल्या राउटरांच्या संख्येपेक्षा मोठा ठेवावा. आपल्याकडे एकच राउटर असेल तर २ पुरेसा आहे. टीसीपीडम्पला -व्ही हा पर्याय दिला की बाहेर जाणाऱ्या पॅकेटचा टीटीएल दिसतो.

पुलाखाली

याच्याच जवळची एक शंका विचारतो. मापनकक्ष यांच्या संगणकानेच ईथ१ वरचा प्रवाह ईथ० कडे पुढे द्यावा, असे हवे असेल तर आयपी_फॉरवर्ड चालू करणे पुरेल का?

स्तर_तीन

पुरणार नाही. युनिकास्टचा राऊट आणि आयपी_फॉरवर्ड यांच्यामुळे मल्टिकास्ट पॅकेट एका कार्डावरून दुसऱ्यावर जात नाही. वर घातलेला २३९.१०.२०.३०/३२ चा राऊटही फक्त या संगणकाने स्वतः घेतलेल्या सभासदत्वापुरता आणि स्वतः पाठवलेल्या पॅकेटांपुरता आहे. पुढे पाठवण्यासाठी कर्नलमध्ये मल्टिकास्ट राउटिंगचे वेगळे टेबल असते आणि ते एखाद्या डेमनने (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) भरावे लागते. «एमसी_फॉरवर्डिंग» हे मूल्य हाताने बदलता येत नाही. डेमन सुरू झाला की ते आपोआप १ होते. एकदोन ठरलेल्या प्रवाहांसाठी एसएमसीराऊट पुरतो. त्यात प्रवाह ईथ१ वरून ईथ० कडे जाईल, असा स्थिर नियम लिहिता येतो. दोन्हीकडे राउटर असतील आणि सभासद बदलत असतील तर पिमचा डेमन लागेल.

डेमन लावल्यावरही प्रवाह पलीकडे गेला नाही तर «आयपी एमराऊट शो» ला -एस हा पर्याय देऊन पाहावे. नोंदीसमोर पॅकेटांचा आकडा वाढत असेल तर पॅकेटे त्या नोंदीपर्यंत पोहोचत आहेत, म्हणून आलेल्या पॅकेटांचा टीटीएल, फायरवॉलची फॉरवर्ड साखळी आणि ईथ० ची बाजू, या क्रमाने तपासावे. आकडा शून्यावरच असेल तर १०.९.०.४० चा उलट मार्ग तपासावा. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे गट मात्र कोणत्याही नियमाने पुढे जाणार नाहीत, कारण ते एका जोडणीपुरतेच राखलेले आहेत. एमडीएनएस दुसऱ्या बाजूला हवा असेल तर अवाहीमधील (एमडीएनएस चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील) रिफ्लेक्टर चालू करावा.